मांडणी

खाणीचा भोंगा होतो दोन वाजून दहाला.
मग कुत्री गप्प होतात
आणि गयाबाई टेकाम हातातलं काम खाली ठेवते.

तिच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात
मी जमिनीत एक सेन्सर पुरलाय, मुठीएवढा.
पोटात चुंबक, भोवती तारेचं वेटोळं.
भुई हलली की तो व्होल्ट देतो.
व्होल्टचे आकडे करायचे, एवढंच माझं काम.

आधीची पेटी आठ वर्षं होती इथे.
आठ वर्षं तिनं एकच आकडा लिहिला:
चार पूर्णांक नऊ नऊ.
मर्यादा पाच. शिक्का, सही, अहवाल.
"रोज सारखाच कसा वाजते रे थो?"
गयाबाईनं पहिल्याच दिवशी विचारलं,
मी चहा पीत राहिलो.

रात्री वणीच्या लॉजवर जुनी फाइल उघडली.
लाटेला माथाच नव्हता.
चढते, चढते, आणि मग सपाट,
विळ्यानं सोंगलेल्या ज्वारीसारखी,
मग पुन्हा उतरते.
पेटीचं छप्परच तेवढ्या उंचीचं.
जेवढा हात पुरला, तेवढं तिनं लिहिलं.
वरचं कुणी विचारलं नाही.

छप्पर उंच करणं सोपं आहे. गेन कमी करा.
मग सुरुंग मावतो,
पण गोठ्यात बैल खांबाला शिंग घासतो ते,
भिंतीची भेग केसभर सरकते ते,
शेवटच्या बिटाखाली बुडून जातं,
जिथे शून्य आणि एक नुसते कुजबुजत बसतात.
सोनाराचा काटा पोत्याखाली मोडतो.
पोत्याच्या काट्यावर नथ ठेवा, हलणार नाही.

"हे पाय," म्हणाली गयाबाई.
मांडणी. सागाची फळी, सासऱ्यानं ठोकलेली.
"सुरुंग लहान असन तं वाटी बोलते फक्त.
जरा मोठा असन तं पेला.
त्याच्यावर गेला का तांब्या सरकते.
गंज पडला का समजाचं, खाण इकडं सरकली.
अन् गुंडी..."
गुंडी दोनदाच पडली.
एकदा नातू पाळण्यात होता तेव्हा,
एकदा विहीर आटली त्या हप्त्यात.

मी वहीत लिहून घेतलं:
पाच भांडी, पाच उंबरठे,
प्रत्येक आधीच्याच्या साधारण तिप्पट.
सगळी एकाच क्षणी ऐकतात
आणि जिचा उंबरठा ओलांडला, ती वाजते.
हीच जुळणी मी कॉलेजात तीन मार्कांना शिकलो होतो.

मग एकाच सेन्सरला दोन वाटा काढल्या.
एकीचा गेन एक, दुसरीचा चौसष्ट.
थोरलीनं सुरुंग घ्यायचा, धाकटीनं बाकीचं घर.
दोघी जिथे जोडल्या तिथे तीन रात्री गेल्या.
आकडा उडी मारायचा,
वाकळीचा टाका उसवावा तसा;
एकीचं शून्य दुसरीच्या शून्यापासून
दोन मिलिव्होल्ट सरकलेलं.
चौथ्या पहाटे शिवण दिसेनाशी झाली
आणि धाकटीनं पावलं टिपली:
एक नीट, एक किंचित ओढत.
चूल पेटवायला उठली होती.

त्या दुपारी भोंगा झाला.
माझ्या पडद्यावर लाट पहिल्यांदा माथ्यासकट आली.
अकरा पूर्णांक सहा दोन.
चाळीस मिनिटांनी, धाकटीच्या वाटेनं,
एक बारीक ठिपका.
भेग.

अहवालाचा छापील कागद काढला.
रकान्यात टिंबाच्या आधी
एकाच अंकाचं घर.
मी दुसरा एक चौकटीबाहेर लिहिला,
समासाला टेकून.

"किती आला?" तिनं विचारलं.
"अकराच्या वर."
ती वाकली, चुलीपाशी पडलेला गंज उचलला,
पदरानं पुसला, पोचा बोटानं चाचपला.
"मले काय सांगतं," म्हणाली,
आणि त्याच्या जागी ठेवला.